चाकांवरचे बिऱ्हाड

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला आणि पहाटे गोधडी डोक्यावरून ओढावीशी वाटू लागली, की आमच्या जळोचीत पाहुणे यायचे. आधी लांबून घुंगरांचा आवाज यायचा, मग चाकांचा, मग गावच्या कुत्र्यांचा. भिगवणकडच्या रस्त्याने बैलगाड्यांची रांग उतरायची. प्रत्येक गाडीत एक अख्खा संसार. तळाला बाजरीची पोती, त्यांवर गोधड्या, गोधड्यांवर पोरे. बाजूला हंडा-कळशी, तवा, कोंबड्यांची डाल. मागे दाव्याने बांधलेली शेळी आणि गाडीखाली, दोन चाकांमधल्या सावलीत, मुकाट चालणारे कुत्रे. गावातली माणसे म्हणायची, "बीडकर आले." म्हणजे उसाचा हंगाम सुरू झाला.

माझे वडील नालबंद. घोडे आमच्या भागात उरले नव्हते, पण बैल होते, आणि कारखान्याच्या डांबरी रस्त्यावर ओझे ओढणाऱ्या बैलाला पत्री लागतेच. गावाबाहेर एका लिंबाखाली वडिलांचे दुकान होते. दुकान म्हणजे एक गोणपाट, हातोडी, सांडशी, खिळ्यांचा डबा आणि दोरखंड. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ, जोडीला सोळा. पाटोदा-आष्टीकडून राशीन-भिगवणमार्गे पाच-सहा दिवस चालून आलेल्या बैलांच्या पत्र्या कागदासारख्या झिजलेल्या असत. म्हणून गावात आलेला गाडीवान पहिल्यांदा कारखान्याच्या गेटवर जात नसे, लिंबाखाली येई. "मामू, आधी आमचं बघा."

मी कविता लिहितो. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातून बी. ए. झालो, एवढीच माझी शिदोरी. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला कुणी ओळखत नाही. तरी आज थोडा इतिहास सांगायचा आहे, तो हिवाळा आला की घर चाकांवर चढवून निघणाऱ्या माणसांचा. त्याला निमित्त झाले काही छायाचित्रांचे.

बारामतीचे माझे एक मित्र निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात राहून आले. परतल्यावर त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. उघडे वाळवंट, लांबवर बोडके डोंगर, आणि त्या माळावर नजर जाईल तिथपर्यंत मोटारघरे. एखाद्या बसइतकी मोठी, आत स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर. मला मात्र पहिल्यांदा दिसले ते गाडीखाली सावलीला बसलेले कुत्रे.

"हे कोण लोक?" मी विचारले.

मित्र म्हणाले, "तिकडे यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. बर्फातले पक्षी. उत्तरेत बर्फ पडायला लागला की निवृत्त मंडळी घर घेऊन दक्षिणेला येतात. हिवाळाभर इथे राहायचं, रोज आसपास कुठेतरी फेरफटका मारायचा, उन्हाळा आला की परत."

त्या गावाचे नाव क्वार्ट्झसाइट. कायमची वस्ती दोन-तीन हजारांची, पण हिवाळ्यात तिथे लाखांनी माणसे येऊन जातात. तिथल्या केंद्र सरकारने १९८३ साली या लोकांसाठी सरकारी माळरानावर मुक्कामाच्या जागाच ठरवून दिल्या. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सात महिन्यांचा परवाना. गेल्या दशकात त्याचे शुल्क १८० डॉलर होते. क्वार्ट्झसाइटजवळच्या अशा जागेत पिण्याचे पाणी, संडास, गाडीतली घाण टाकण्याची सोय, कचऱ्याची सोय, सगळे असते.

तारखा ऐकून मी थबकलो. दिवाळीच्या आगेमागे यायचे, पाडव्यानंतर जायचे. हे तर आमच्या गाड्यांचे वेळापत्रक.

मग मी विचार करू लागलो, की आमच्याकडे हे हिवाळी पाहुणे आले कधीपासून आणि का?

बारामती-इंदापूर म्हणजे आज डोळ्यांपुढे हिरवा ऊस येतो. पण हा मुळात पर्जन्यछायेतला, दुष्काळी मुलूख. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाने दख्खन होरपळले आणि त्यानंतर इंग्रज सरकारने दुष्काळाला आळा म्हणून नीरा डावा कालवा काढला. १८८५ साली तो वाहू लागला. भोरजवळच्या भाटघर धरणाचे पाणी त्याला मिळाले आणि कालव्याच्या एका अंगाला बागायत, दुसऱ्या अंगाला जिराईत असे तालुक्याचे दोन भाग पडले. ते आजही आहेत. सुरुवातीला ऊस गुऱ्हाळात जाई, त्याचा गूळ होई. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि कारखाने उभे राहू लागले. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांचा कारखाना, पलीकडे सासवडच्या माळ्यांनी उभारलेला माळीनगरचा कारखाना, दोन्ही त्याच दशकातले. १९५० मध्ये प्रवरेला सहकारी कारखाना निघाला आणि पाठोपाठ आमच्याकडे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकाराची धुराडी दिसू लागली.

कारखाना एकदा पेटला की रात्रंदिवस चालतो. तोडलेला ऊस फार काळ थांबत नाही. तो वाळतो, उतारा घटतो. म्हणजे गव्हाणीत अखंड मोळ्या पडत राहिल्या पाहिजेत. एवढी माणसे गावात मिळत नव्हती, आणि गावच्या माणसाला रात्री दोन वाजता उठवून फडात पाठवणे सोपेही नव्हते. मुकादम मग तिकडे गेले जिथे कालवा नव्हता. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्याचा कोरडा भाग, बीड, मराठवाड्याची बालाघाटची रांग. दसऱ्याच्या आधी उचल द्यायची आणि ती फेडायला माणसाने घर उचलून यायचे. १९७२ च्या दुष्काळानंतर तर या रांगा आणखी लांबल्या. एका दुष्काळाने आम्हाला पाणी दिले आणि दुसऱ्या दुष्काळाने आम्हाला माणसे दिली, असे मी म्हणतो तेव्हा गावातली जुनी माणसे गप्प होतात.

या माणसांचा हिशेबसुद्धा माणसांत होत नाही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादम विचारतो, "किती कोयते?" एकटी बाई असेल तर ती अर्धा कोयता. पूर्वी लाकडी गाडी गाडीवानाची स्वतःची असे. पुढे कारखान्यांनी रबरी टायरच्या गाड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. मग बैल तेवढे त्याचे राहिले.

तळ पडायचा तो गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर. चार बांबू, चटया आणि उसाचे पाचट यांच्या कोप्या दोन दिवसांत उभ्या राहायच्या. आत ताठ उभे राहता येत नसे. पाणी शेतकऱ्याच्या मोटारीवरून, तो देईल तेव्हा. बायकांना आडोसा उसाचाच, आणि तोच ऊस त्या रोज तोडत असत. पहाटे तीनला चुली पेटत. संध्याकाळी भरलेल्या गाड्या कारखान्याकडे निघत, प्रत्येक गाडीखाली कंदील टांगलेला. आमच्या ओट्यावरून पाहिले की वाटे, चांदण्यांची एक ओळ जमिनीवरून चालली आहे. मी लहान होतो. चांदण्या पाहायचो. गाडीवर गाडीवान बसल्या-बसल्या झोपलेला असतो आणि बैलांना वाट पाठ असते, हे नंतर कळले.

फेरफटका म्हणाल तर हंगामात एखादाच. कारखाना साफसफाईला एक-दोन दिवस बंद राही. अशा एका बंदच्या दिवशी तळावरची मंडळी रिकाम्या मालट्रकमधून मोरगावला निघाली आणि मी हट्टाने त्यांच्यात चढलो. बारा वर्षांचा असेन. बायकांनी पेटीच्या तळातली लुगडी काढली होती. मोरगावचे मयूरेश्वराचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की त्याच्या तटाच्या चार कोपऱ्यांवर मिनार आहेत. एका आजीने वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "का रं पोरा, हे तुमच्यातलं का आमच्यातलं?" मला उत्तर येईना. माझ्या ऐवजी तीच म्हणाली, "असू दे. सावली चांगली हाय." आणि मिनाराच्या सावलीत तिने भाकरीचे फडके सोडले. पहिला तुकडा मला दिला.

ही आठवण मित्राला सांगितली तेव्हा त्याने मोबाइलवर आणखी एक फोटो शोधून काढला. क्वार्ट्झसाइटला येणारे पाहुणे फेरफटक्याला जातात त्या ठिकाणांपैकी एक तिथली कबर आहे. दगडांचा पिरॅमिड आणि वर धातूचा उंट. कबर हाजी अली नावाच्या माणसाची. मुंबईच्या हाजी अलींशी याचा संबंध नाही. हा तुर्की साम्राज्यातून आलेला उंटवाला. अमेरिकेच्या लष्कराला वाटले, की वाळवंटात घोड्या-खेचरांपेक्षा उंट बरे. म्हणून १८५६ मध्ये जहाजातून उंट आणले आणि त्यांच्यासोबत उंट हाकणारी माणसे आणली. दुसऱ्या वर्षी त्या उंटांनी कॅलिफोर्नियापर्यंतच्या नव्या रस्त्याच्या पाहणीचे सामान वाहिले. पुढे यादवी युद्ध झाले, लष्कराने उंटांचा नाद सोडला, उंट विकले गेले. हाजी अली तिथेच राहिला. कधी लष्कराचा वाटाड्या झाला, कधी खाणीचा शोध घेत हिंडला. १९०२ मध्ये तिथेच वारला. तिथल्या लोकांना त्याचे नाव नीट उच्चारता येत नव्हते. त्यांनी 'हाय जॉली' केले. आजही कबरीवर तेच आहे. १९३५ साली महामार्ग खात्याने त्याच्यावर स्मारक बांधले.

नालबंदाचा मुलगा म्हणून मला हा माणूस जवळचा वाटला. जनावराच्या पायाने ज्यांनी रस्ते केले त्यांच्या नावांचे असेच होते. मोडके-तोडके का होईना, त्याचे नाव तरी उरले.

मित्राच्या फोटोंवरून माझा समज झाला होता, की तिकडे सगळे मजेचेच. तसेही नाही. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' नावाचे पुस्तक लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. २००८ च्या मंदीत घर, नोकरी, साठवण गेलेली कितीतरी साठीतली माणसे जुन्या गाड्यांत राहू लागली, त्यांची ती हकिकत आहे. तीही हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटच्या माळावर जमतात. आणि शरदात, थंडी पडण्याआधी, त्यांतली काही कुठे जातात? उत्तरेत साखरेच्या बिटाच्या हंगामावर, मजुरीला. दिवस-रात्र पाळ्या. जगाच्या दुसऱ्या टोकालाही साखर चाकांवरच्या घरांतूनच येते, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले.

पण एक फरक आहे आणि तोच मला सांगायचा आहे. तिकडे माणसाचा मुक्काम हंगामी आहे हे कायद्याने मान्य केले आहे. सात महिने तू इथे असशील, तर तुला पाणी लागेल, संडास लागेल, असे कुणीतरी कागदावर लिहिले. आमच्याकडे हंगाम कायद्यात आहे, गाळपाची तारीख मंत्री ठरवतात, उसाचा दर ठरतो. हंगामातला माणूस मात्र कागदावर सापडत नाही.

२०११ ची जनगणना झाली ती ९ ते २८ फेब्रुवारीत. ऐन गाळपात. गावाकडच्या घराला कुलूप, इकडे कोपीला दार नाही. २०२४ मध्ये गाळप सुरू करण्याची तारीख ठरली १५ नोव्हेंबर आणि विधानसभेचे मतदान आले २० नोव्हेंबरला. महाराष्ट्रात ऊसतोड मजूर किती, याचे अंदाज आठ लाखांपासून चौदा-पंधरा लाखांपर्यंत ऐकू येतात. इतका फरक पडतो, कारण मोजले कुणी नाही. आमच्या भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते किती आले, यंदा उशिरा का आले, याची बातमी दरवर्षी छापून येते. यावीच. मीही पहाटे होडीतून ते पाहून आलो आहे. त्याच भिगवणवरून ज्या गाड्या येत, त्यांची मोजदाद मात्र टोलनाक्यावरसुद्धा झाली नाही.

काहीच झाले नाही असे म्हणणे अन्याय होईल. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, काही वर्षे चालल्या, काही बंद पडल्या. मुलांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे आली आणि २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारी वसतिगृहांची योजना मंजूर झाली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. पण २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या तोडणी करणाऱ्या बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत खाडा झाला तर दंड पडतो, हे त्यामागच्या कारणांतले एक. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा सगळा देश घरात बसला होता आणि लाखाहून अधिक तोडणी कामगार कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते. त्यांना घरी जाऊ देण्याचा निर्णय व्हायला एप्रिलचा मध्य उजाडला. घरात थांबा, असे ज्यांना सांगितले गेले, त्यांचे घर म्हणजे पाचटाची कोपी.

वडील गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. जळोची आता बारामती नगरपालिकेत आहे. माळावर इमारती आल्या. गाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, कुठे कुठे तोडणीचे यंत्रही आले. नालबंदाचे काम आमच्या घरातून वडिलांबरोबरच गेले. मागच्या हिवाळ्यात माळा आवरताना त्यांची उधारीची वही सापडली. वडील दोन यत्ता शिकलेले. अक्षर मोठे, एकेक ओळ अर्ध्या पानाची. हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला, की गाडीवान जाता जाता उधारी चुकती करत आणि वडील त्या ओळीवर आडवी रेघ ओढत. बहुतेक ओळींवर रेघ आहे.

मी वही वाचत गेलो. "पाटोदा, सर्जा-राजा, १६ पत्र्या." "आष्टी, ढवळ्या-पवळ्या, ८." "शिरूर, एक शिंग मोडलेला, ४." पानेच्या पाने. बैलांची नावे आहेत, रंग आहेत, मोडलेली शिंगे आहेत. माणसाचे नाव एकाही ओळीत नाही.

वडिलांना बोल लावायला माझी जीभ उचलेना, कारण मला सर्जा-राजाची जोडी आठवली. त्या गाडीबरोबर माझ्या वयाचा एक मुलगा यायचा. वडील दोरखंडाने बैल पाडायचे आणि तो सर्जाच्या मानेशी बसून त्याच्या डोळ्यांवर हात ठेवायचा, काहीतरी पुटपुटत. बैल शांत राही. काम झाले की आम्ही दोघे लिंबाखालच्या धुळीत पत्रीच्या खिळ्याने अक्षरे काढायचो. मी 'क' काढायचा, त्याने गिरवायचा. मला तो 'मास्तर' म्हणायचा. तीन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात त्याने मैलाच्या दगडावरचे 'बारामती' वाचून दाखवले होते.

चौथ्या हिवाळ्यात मी नववीत होतो. गाडी आली तेव्हा तो पुढे कासरा धरून बसला होता. मागे गोधड्यांवर डोक्यावरून पदर घेतलेली एक मुलगी होती, गळ्यात नवे डोरले. तो खाली उतरला, वडिलांशी पत्रीच्या भावाची घासाघीस केली, मोठ्या माणसासारखी. माझ्याकडे पाहून हसला, पण धुळीत बसला नाही. आता तो पूर्ण कोयता झाला होता.

त्याचे नाव मला आठवत नाही. आठवडाभर आठवून पाहिले. बैलाचे नाव आठवते, त्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा आठवतो. चाळीस वर्षे कविता लिहिणाऱ्या माणसाला तीन हिवाळ्यांच्या मित्राचे नाव सांगता येत नाही. वडिलांच्या वहीत आणि माझ्यात फारसा फरक नाही.

पुढची जनगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची ठरली आहे. तेव्हाही ऊस उभा असेल, गव्हाणी चालू असतील आणि चाकांवरून आलेली बिऱ्हाडे आमच्या बारामती-इंदापूरच्या माळांवर उतरलेली असतील. मित्रहो, तुमच्यापैकी कुणी शिक्षक त्या कामावर असाल तर एवढेच करा. वस्ती संपली तिथे थांबू नका, थोडे पुढे तळापर्यंत जा. कोपीला दार नसते, बाहेरूनच हाक मारा. आणि नाव विचारा. आधी माणसाचे, मग बैलाचे.